कलिंगडाच्या एक पेला रसात नेमके काय असते?

शंखपुष्पी (धागाकर्ती)
नमस्कार. गेला महिनाभर मी संध्याकाळचे खाणे बंद करून त्याऐवजी एक पेला कलिंगडाचा रस घेते आहे. वरून साखर घालत नाही, दूध घालत नाही. बिया काढलेला गर मिक्सरमधून फिरवायचा, बारीक गाळणीने गाळायचा आणि लगेच प्यायचा, एवढाच खटाटोप असतो. धाकट्या भावाचे म्हणणे असे की मी रंगीत साखरपाणी पिते आणि त्याला आहार म्हणते. उलट मैत्रिणीने पाठवलेल्या एका लांबलचक संदेशात याच रसाला लोह, सगळी जीवनसत्त्वे, हृदयाचे रक्षण आणि आणखी बरेच काही बहाल केलेले आहे. दोघांपैकी कोणावरही माझा पूर्ण विश्वास नाही. या रसात खरोखर कोणते घटक किती प्रमाणात असतात आणि गाळल्याने त्यातले काय जाते, हे कोणी आकड्यांनिशी सांगू शकेल का?

गणितवेडा
आकड्यांची मागणी झाल्यामुळे राहवले नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यानुसार कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९१.५ ग्रॅम पाणी, ७.५ ग्रॅम कर्बोदके (त्यांपैकी ६.२ ग्रॅम साखर), ०.६ ग्रॅम प्रथिने, ०.४ ग्रॅम तंतू आणि नावापुरती चरबी असते. ऊर्जा ३० किलोकॅलरी भरते.

आता पेला २५० मिलिलिटरचा धरू. रस पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे त्याचे वजन २५८ ग्रॅमच्या आसपास येते. गराचे आकडे जसेच्या तसे लावले तर अशा पेल्यातून साधारण ७७ किलोकॅलरी, १६ ग्रॅम साखर, २१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, २९० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि २६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. लोह जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढते, ही समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही. क जीवनसत्त्वाचेही फार कौतुक नको, कारण संत्र्याच्या तेवढ्याच रसात ते सुमारे सहापट असते.

काठावरचा
थोडक्यात, भावाचे बरोबर आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

तिसरा_डोळा
काठावरचा, एवढी घाई नको. गणितवेडा यांच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचा घटक आलेलाच नाही, आणि तो म्हणजे लायकोपीन. कलिंगडाचा लाल रंग त्याचाच. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम कलिंगडात सुमारे ४.५ मिलिग्रॅम लायकोपीन दाखवलेले आहे, तर कच्च्या टोमॅटोत ते २.६ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. लायकोपीन म्हटले की सगळ्यांना टोमॅटो आठवतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

दुसरी गोष्ट याहून रंजक आहे. टोमॅटोतले लायकोपीन शरीराला नीट मिळावे म्हणून टोमॅटो शिजवावा लागतो, कारण उष्णतेने पेशींची घट्ट बांधणी सुटते. कलिंगडाच्या बाबतीत ती गरज फारशी पडत नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले. त्यात लोकांना तीन आठवडे न तापवलेला कलिंगडाचा रस दिला होता. रोज सुमारे २० मिलिग्रॅम लायकोपीन जाईल एवढा. त्यांच्या रक्तातील लायकोपीनची पातळी टोमॅटोचा तापवलेला रस पिणाऱ्यांच्या जवळपास वाढली. हे साखरपाण्याने होत नाही.

काठावरचा
लायकोपीन रक्तात वाढले, हे मान्य. पण वाढून काय झाले?

तिसरा_डोळा
प्रश्न रास्त आहे. लायकोपीन हे ऑक्सिडीकरणाला अटकाव करणारे द्रव्य आहे, हे निश्चित. मात्र त्यामुळे अमुक रोग टळतो असे मी म्हणणार नाही, आणि शंखपुष्पी यांना आलेल्या संदेशातल्या 'हृदयरक्षणा'वर माझा भरवसा त्यांच्याइतकाच कमी आहे. शिवाय एक गैरसमज सर्रास आढळतो. लायकोपीनचे शरीरात अ जीवनसत्त्व होत नाही. ते होते बीटा कॅरोटीनपासून, आणि ते कलिंगडात १०० ग्रॅममागे ०.३ मिलिग्रॅम एवढेच असते.

रसायनी
गाळण्याबद्दलचा प्रश्न मागे पडला, म्हणून आज दुपारी ओट्यावरच प्रयोग करून पाहिला. बिया काढलेला ५०० ग्रॅम गर मिक्सरमध्ये वीस सेकंद फिरवला आणि बारीक गाळणीत ओतून, न दाबता, पाऊण तास ठेवला. खाली ४३० मिलिलिटर रस पडला, गाळणीत ५० ग्रॅम चोथा उरला आणि बाकीचे भांड्याच्या पात्याला चिकटून राहिले. रस फिकट गुलाबी होता आणि चोथा गडद लाल. तो बोटांत घेतला तर बोटे रंगली, नळाखाली नुसते पाणी सोडून तो डाग पटकन गेला नाही.

दुसऱ्या पेल्यात न गाळलेला रस अर्धा तास तसाच ठेवला. लाल भाग फेसासकट वर आला आणि खाली जवळजवळ रंगहीन, किंचित पिवळसर पाणी राहिले. नळीने ते खालचे पाणी तेवढे चाखले, तर ते पूर्ण गोड लागले. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, ते गराच्या कणांतच अडकून राहते. साखर आणि पोटॅशियम मात्र पाण्यात विरघळलेले असतात. बारीक गाळणीने गाळले की साखर सगळी पेल्यात उतरते आणि रंगाचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. तेव्हा, शंखपुष्पी, तुम्ही गाळत असाल तर तुमच्या भावाचे म्हणणे तुम्ही स्वतःच थोडे खरे करत आहात.

निवांत
म्हणजे भावाला चोथा द्यावा आणि रस आपण प्यावा, हा आमच्या घरातला नियम उलट करायला हवा तर.

दुपारची_झोप
गाळण्यामुळे तंतू जातात, असे सगळीकडे वाचते. त्याचे काय?

रसायनी
कलिंगडाच्या बाबतीत तो मुद्दा मला थोडा फुगवलेला वाटतो. संत्रे किंवा सफरचंद सालीसकट किंवा फोडींसकट खाणे आणि त्यांचा रस पिणे यांत तंतूंचा फरक मोठा पडतो. कलिंगडाच्या गरातच तंतू १०० ग्रॅममागे ०.४ ग्रॅम असतात. जे मुळात फारसे नव्हते, ते गाळणीत गेल्याचे दुःख किती करावे? खरा फरक वेगाचा आणि प्रमाणाचा आहे. अर्धा किलो गर फोडी करून, चावून, बिया बाजूला काढत खायला वीस मिनिटे लागतात आणि निम्म्यावर पोट भरते. तोच अर्धा किलो रस होऊन दोन मिनिटांत संपतो आणि 'अजून आहे का' असे विचारले जाते.

अर्धविराम
रसायनी यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा देण्यासाठी मधुमेहाच्या अंगाने थोडे लिहितो, कारण घरात हा विषय रोजचा आहे. कलिंगडाचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते याचे माप) ७२ च्या आसपास दिला जातो आणि तो 'जास्त' या गटात मोडतो, त्यामुळे अनेक मधुमेही कलिंगडाकडे पाहतही नाहीत. पण हा निर्देशांक काढताना ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढे फळ खायला देतात, आणि कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायची तर साडेसहाशे-सातशे ग्रॅम गर खावा लागतो. म्हणून निर्देशांकाऐवजी ग्लायसेमिक भार पाहावा, ज्यात प्रत्यक्ष खाल्लेले प्रमाणही धरले जाते. १२० ग्रॅम फोडींचा भार ६ च्या आसपास येतो, आणि १० पर्यंतचा भार कमी मानतात. २५० मिलिलिटर रसाला तोच निर्देशांक लावला, तर भार १४ होतो, म्हणजे मध्यम.

आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अख्ख्या फळातली साखर मोजलेली नाही, मात्र फळांच्या रसातली साखर ही 'मुक्त साखर' म्हणून वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलेली आहे. मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी, असे त्यात म्हटले आहे. रोजचा आहार २००० किलोकॅलरींचा धरला तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. 'मी वरून साखर घालत नाही' हे वाक्य शंखपुष्पी यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, पण हिशेबात त्याने सुटका होत नाही.

काठावरचा
पुन्हा एकदा: भावाचे बरोबर आहे.

जुनीवही
एवढ्या चर्चेत सिट्रुलीनचे नाव कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण या अमिनो आम्लाचे नावच कलिंगडावरून पडले आहे. १९१४ साली जपानी संशोधकांनी ते कलिंगडाच्या रसातूनच प्रथम वेगळे केले आणि पुढे कलिंगडाच्या प्रजातीच्या सिट्रुलस या शास्त्रीय नावावरून त्याचे बारसे झाले. हे अमिनो आम्ल प्रथिनांच्या बांधणीत वापरले जात नाही, मोकळेच असते. मूत्रपिंडात त्याचे आर्जिनीन होते आणि आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साईड तयार होते, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाबाविषयीचे सगळे दावे या साखळीवर उभे आहेत.

साखळी खरी आहे, प्रश्न प्रमाणाचा आहे. १०० ग्रॅम गरात वाणानुसार साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम सिट्रुलीन असते, म्हणजे एका पेल्यात अर्धा ग्रॅम धरा. पूरक म्हणून सिट्रुलीन देऊन केलेल्या प्रयोगांत दिवसाला बहुधा ३ ते ६ ग्रॅम वापरतात. तेवढे रसातून मिळवायचे, तर दिवसाला किमान दीड लिटर रस प्यावा लागेल आणि तेव्हा रक्तदाबापेक्षा अर्धविराम यांचा साखरेचा हिशेब महत्त्वाचा ठरेल.

सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात सिट्रुलीन खूप जास्त असते, असेही सांगितले जाते. ते कोरड्या वजनावर खरे आहे. ओल्या वजनावर मोजले तर पांढरा भाग गराच्या पुढे जात नाही, कारण त्यात पाणी अधिक असते. चवीसाठी तो रसात घालायचा तर जरूर घाला.

भरधाव
मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो आणि धावून आल्यावर हाच रस पितो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाआधी अर्धा लिटर कलिंगडाचा रस दिल्यावर चोवीस तासांनी स्नायूंचे दुखणे कमी आढळले होते. मला स्वतःलाही पाय हलके वाटतात. शिवाय घामावाटे गेलेले क्षार भरून येतात, त्यामुळे बाजारातल्या क्षारपेयांची गरज मला वाटत नाही.

गणितवेडा
भरधाव, तुमच्या पायांविषयी मी काही बोलणार नाही, पण तो प्रयोग सात जणांवर झाला होता, एवढे लक्षात असू द्या. क्षारांबाबत मात्र तुमचा अंदाज चुकतो आहे. घामात मुख्यतः सोडियम जाते, आणि कलिंगडात सोडियम १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅम असते. जुलाबात देतात त्या जलसंजीवनीच्या द्रावणात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि २० मिलिमोल पोटॅशियम असते. कलिंगडाच्या लिटरभर रसात पोटॅशियम २८ मिलिमोलच्या वर आणि सोडियम अर्ध्या मिलिमोलच्याही खाली भरते. साखरही जलसंजीवनीतल्या १३.५ ग्रॅमऐवजी ६० ग्रॅमच्या वर. पाणी म्हणून रस उत्तम आहे. सोडियमसाठी चिमूटभर मीठ घालावेच लागेल, आणि जुलाबात तर हा रस जलसंजीवनीच्या जागी कोणी वापरू नये.

भरधाव
मिठाची चिमूट मान्य. पायांच्या बाबतीत माघार नाही.

नवी_पालवी
अवांतर: आमच्याकडे याला टरबूज म्हणतात. वरचे सगळे आकडे टरबुजालाही लागू आहेत ना?

निवांत
टरबूज म्हटले की साखर दोन टक्क्यांनी कमी होते, असे ऐकून आहे.

मोगरीचा_गंध
मला या रसाने पोट फुगते आणि गुडगुडते, फोडी थोड्या खाल्ल्या तर काही होत नाही. असे आणखी कोणाला होते का?

रसायनी
होते, आणि त्याला कारण आहे. कलिंगडातल्या ६.२ ग्रॅम साखरेत फ्रुक्टोज जवळपास ३.४ ग्रॅम आणि ग्लुकोज फक्त १.६ ग्रॅम असते, उरलेली सुक्रोज. फ्रुक्टोजचे शोषण ग्लुकोजच्या सोबतीने सोपे होते. सोबत कमी पडली की काही लोकांत उरलेले फ्रुक्टोज मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. अर्ध्या किलो गराएवढे फ्रुक्टोज दोन मिनिटांत आत गेले की त्रास जाणवतो, फोडींनी ते सावकाश आणि कमी जाते. पेला लहान करून पाहा.

दुपारची_झोप
सकाळी रस काढून संध्याकाळपर्यंत ठेवला तर चालतो का?

तिसरा_डोळा
फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो, ओट्यावर नाही. लिंबू किंवा संत्र्याच्या रसात आम्लता असते, ती जिवाणूंना रोखते. कलिंगडाच्या रसात ती फारच कमी असल्यामुळे त्यात जिवाणू सहज वाढतात. म्हणून कापलेले फळ आणि रस दोन्ही ५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवावेत, आणि फळ कापण्यापूर्वी सालही धुवावी, कारण सुरीबरोबर सालीवरची घाण आत जाते. हवेशी संबंध येऊन क जीवनसत्त्व थोडे घटते, लायकोपीन मात्र त्यामानाने टिकते.

अख्खे फळ तेवढे फ्रिजमध्ये कोंबू नका. न कापलेले कलिंगड २१ अंशांच्या आसपास ठेवले तर त्यातले लायकोपीन आणखी वाढते, थंडीत ते वाढत नाही. गोडी दोन्हीकडे वाढत नाही, कारण तोडल्यानंतर हे फळ पिकत नाही.

शंखपुष्पी
सर्वांचे आभार. कालपासून गाळणे बंद केले आहे. रस दाट लागतो, पण सवय होईल. माझा उत्साह पाहून बाबांनीही दोन दिवसांपासून माझ्याएवढाच पेला सुरू केला आहे. त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) थोडे वाढलेले असते आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण कलिंगड 'कमी पोटॅशियम'च्या फळांत येते असे त्यांच्या आहाराच्या कागदावर छापलेले आहे, त्यामुळे चिंता नसावी, असे वाटते.

अर्धविराम
शंखपुष्पी, बाबांचा रस आजच थांबवा आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कागदावरचे 'कमी पोटॅशियम' हे बहुधा एका वाटी फोडींसाठी असते. दीडशे ग्रॅमची वाटी धरली तर १७० मिलिग्रॅम. पेलाभर रसात ते पुष्कळ अधिक जाते, आणि मूत्रपिंड मंद चालत असताना रक्तात पोटॅशियम साठले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही पोटॅशियम वाढते. बाबांची गोळी त्यांतली आहे की नाही, हे डॉक्टरच सांगतील.

गणितवेडा
अर्धविराम यांच्याशी पूर्ण सहमत. आणि एक विचारायचे राहिले, जे खरे तर मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवे होते. मी पेला २५० मिलिलिटरचा धरला. तुमचा पेला केवढा आहे?

शंखपुष्पी
डॉक्टरांशी आताच बोलले. बाबांची गोळी पोटॅशियम वाढवणाऱ्यांपैकीच निघाली. त्यांचा रस बंद. उद्या रक्ततपासणी आहे, आणि फोडींचे प्रमाण ती आल्यावर ठरेल.

पेल्याबद्दल: स्वयंपाकघरातल्या मापाने तो काठापर्यंत पाण्याने भरून पाहिला. दोनदा मोजले. ४२० मिलिलिटर.

गणितवेडा
मग सगळे आकडे पुन्हा लिहितो. ४३३ ग्रॅम रस, १३० किलोकॅलरी, ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम, ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २७ ग्रॅम साखर. अर्धविराम यांच्या पद्धतीने ग्लायसेमिक भार २३ वर जातो, म्हणजे 'जास्त'. जागतिक आरोग्य संघटनेची २५ ग्रॅमांची मर्यादा एकट्या पेल्यानेच ओलांडली.

काठावरचा
मी काही बोलत नाही.

शंखपुष्पी
भाऊ शेजारीच बसून हे वाचतो आहे. त्याच्यासमोर लहान पेला काढला आहे, दीडशे मिलिलिटरचा, न गाळलेल्या रसाने भरलेला. उरलेला रस त्याने 'वाया जायला नको' म्हणून मोठ्या पेल्यात ओतून घेतला.